त्यांचं पाणी कोण आणत होतं

लढाई थांबल्याची बातमी रेडिओवर आली त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पेढे वाटले. समोरच्या घरातल्या बाईंनी माझ्या हातावर दोन ठेवले, एक माझा आणि एक "तुमच्या फौजी माणसाचा". मी घरात येऊन मामाजींपुढे हात केला. त्यांनी एकही घेतला नाही. "खबर येऊ दे, मंग खाऊ," म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सावनेरकडच्या एका खेड्यात त्यांची शेती होती. माझे यजमान त्यांचे एकुलते एक. हे शेतीतच राहतील असं मामाजी धरून चालले होते, पण हे फौजेत ड्रायव्हर झाले. लग्न झालं तरी मी नागपुरातच सीताबर्डीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेऊन राहत होते, कारण मुलींच्या शाळेत मला नोकरी होती. एकाहत्तर साली यांची पलटण राजस्थानच्या वाळवंटात गेली आणि लढाई पेटली. तेव्हा मामाजी अंथरुणाची वळकटी खांद्यावर टाकून एस.टी.नं माझ्याकडे आले. "तू एकटी कशी रायशील," एवढंच बोलले. सासूबाई तर मी त्या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. तिथून पुढे आम्ही दोघंच.

लढाई चालू होती तोवर आम्ही एकटे नव्हतो. सरहद्द नागपूरपासून कुठल्या कुठे, तरी लोकांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. कोणाचा भाचा फौजेत, कोणाचा मावसभाऊ. बातम्यांच्या वेळेला ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्या दारात गर्दी व्हायची आणि कोणीही कोणालाही विचारायचं, "काही समजलं का?" मग लढाई थांबली, कागद निघाले, दुकानांवर पताका लागल्या. शाळेतल्या एका बाईंच्या भावाचं खुशालीचं कार्ड आलं. पलीकडच्या गल्लीतला मुलगा तर स्वतःच आला, त्याची मिरवणूक निघाली. सगळ्या मोहल्ल्याची बेचैनी उतरली, आमची मात्र तशीच राहिली. आमच्याकडे कार्ड नाही, माणूस नाही, काही नाही.

मी फौजेच्या कचेरीत चौकशीला गेले. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, वाईट असतं तर तार आली असती. तार येत नाही, याचाच अर्थ ठीक आहे." मी ते घरी येऊन मामाजींना सांगितलं. त्यांना ते पटलं असावं. पण त्या दिवसापासून सायकलची घंटी वाजली की आम्ही दोघं हातातलं काम टाकून दाराकडे पाहायचो. दूधवाल्याची घंटी, पाववाल्याची घंटी, सगळ्या आम्हाला तारवाल्याच्याच वाटायच्या. ज्या पोस्टमनची सकाळभर वाट पाहायची त्यालाच दुरून पाहून मी आत जायची.

मामाजींना बसवत नव्हतं. गावात असते तर शेतात गेले असते, विहिरीवर गेले असते, बैल धुतले असते. इथे दोन खोल्या आणि फरशीएवढं अंगण. त्यांनी दाराची बिजागरी ठोकून घट्ट केली. मग वाकडे खिळे गोळा करून दगडावर सरळ केले. वाळत घालायची दोरी सोडली, बांधली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडली. मी सकाळी झाडून शाळेत जायची आणि परत येईपर्यंत त्यांनी अंगण पुन्हा झाडलेलं असायचं. माझंही तेच. दूध स्टोव्हवर ठेवायची आणि दारात जाऊन उभी राहायची. वास आला की कळायचं, उतू गेलं. एकदा वर्गात मी कविता शिकवत होते. अर्धा तास झाल्यावर पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ही काल झाली." बाकी सगळ्या मुली खाली पाहत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं.

मग मामाजी दुपारचे फिरायला जाऊ लागले. सीताबर्डीवर जायचे, बाजारातून एक चक्कर मारायची आणि यायचं. आणायचे काही नाहीत. एक दिवस ते आले ते बसलेच नाहीत.

"बर्डीवर एक पिक्चर लागला हाये," ते म्हणाले.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मामाजींनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. गावात जत्रेला तंबूतला सिनेमा लागायचा तेव्हा ते मुद्दाम शेतावर झोपायला जात.

"कोणता?" मी विचारलं.

"मले का माहीत. इंग्रजी हाये. फोटोत नुसती रेती अन् सिपाही. एका जणाचे ओठ पार फाटून गेले." त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "आपला पोट्टा अशाच जागी हाये ना?"

"अशीच असेल जागा. पण मामाजी, तो सिनेमा आहे. कुठल्या तरी जुन्या लढाईचा, दुसऱ्याच देशातला."

"रेती तं रेतीच ना वं. मी कधी पायली नाही. मले पाहू दे."

इंग्रजी सिनेमे तेव्हा बहुतेक रविवारी सकाळच्या खेळाला लागत. रविवारी मामाजी धुतलेलं धोतर, काळा कोट आणि टोपी घालून तयार झाले, जसे ते लग्नाला जायचे. टॉकीजमध्ये सगळी कॉलेजची पोरं होती. धोतर नेसलेला म्हातारा आणि त्याच्यासोबत डोक्यावर पदर घेतलेली सून, असं आमच्याखेरीज कोणी नव्हतं. दोघा-तिघांनी वळून पाहिलं. मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पडद्याकडे तोंड करून ताठ बसले. पडद्यावर अजून काहीच नव्हतं.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्यांदा फक्त वाळू दिसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळू. काळ्याभोर जमिनीत आयुष्य गेलेला तो माणूस पुढे झुकला.

"एक झाड नाही," ते माझ्या कानाशी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ढोरं कुठी चारत असतीन?"

पाच शिपाई एका लॉरीतून माघारी चाललेले असतात. वादळ येतं, वाट वाळूखाली जाते, लॉरीचं इंजिन बंद पडतं. एक जण जखमी असतो. बरोबरचं पाणी थोडं. गोष्ट एवढीच. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, तरी त्या गोऱ्या लोकांचं बोलणं मला अर्धंच कळत होतं. जे कळलं ते मी मामाजींना हळू आवाजात सांगत होते. त्यांचा साहेब म्हणतो, दिवसा चालायचं नाही. साहेब म्हणतो, पाणी बाटलीच्या झाकणानं मोजून वाटायचं. मामाजी मान हलवत होते. साहेब त्यांना शहाणा वाटला असावा.

मग तो जखमी शिपाई मेला.

"काय झालं त्याले?" मामाजींनी विचारलं.

"बेशुद्ध पडला," मी म्हणाले.

ते कसं तोंडून निघालं, माहीत नाही. विचार करून म्हटलेलं नव्हतं. पण एकदा म्हटल्यावर मला मागे फिरता येईना. पडद्यावर त्याला वाळूत पुरून वर हेल्मेट टेकवलं गेलं आणि मी म्हणाले, "उन्हापासून वाचवायला झाकून ठेवलं." पुढे सगळ्यात तरुण शिपाई उठला. त्याला लांबवर पाणी चमकताना दिसत होतं. बाकीचे हाका मारत राहिले आणि तो चालत गेला, गेला आणि दिसेनासा झाला.

"हा कुठी चालला?"

"मदत आणायला."

"बंदूक टाकून?"

मी पदर सारखा केला. त्यानंतर उरलेल्यांतले दोघं पाण्याच्या बाटलीवरून एकमेकांच्या अंगावर गेले आणि बाटली सांडली. सकाळपासून शेंगा फोडत, शिट्या मारत बसलेली पोरं त्या वेळी एकदम गप्प झाली. नंतर एक म्हातारा शिपाई दुसऱ्याला म्हणत होता की मला इथेच सोड आणि तू जा. हे वाक्य मला पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट कळलं.

"काय म्हणून राहिला तो?"

"म्हणतो, उद्या सकाळी आपली गाडी येईल."

"हं," मामाजी म्हणाले.

शेवटी दोघे उरले आणि त्यांना उंटवाले भेटले. उंट दिसले तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, कारण हे मला बनवावं लागत नव्हतं. "पाहा, माणसं आली," मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा मोठाच निघाला.

बाहेर आलो तर भर दुपार. थंडीचे दिवस, तरी ऊन डोळ्यांत जात होतं. मामाजी बाजारातून इतक्या झपाझप चालायला लागले की मला पदर सावरत त्यांच्यामागे जवळजवळ पळावं लागलं. कोणाला धक्का लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. संत्र्यांची एक हातगाडी आडवी आली म्हणून ते थांबले.

"सूनबाई, तू तठी खोटं सांगून राहिली होती."

"हो," मी म्हणाले.

"काहून?"

"माझ्याच्यानं खरं म्हणवत नव्हतं."

ते संत्र्यांकडे पाहत होते. "माणूस मेला हे समजाले का भाषा लागते? मले सगळं समजून राहिलं होतं. पण तू बोलून राहिली होती तं बरं वाटून राहिलं होतं. म्हून मी विचारत गेलो."

घरी आल्यावर मी स्टोव्हपुढे बसून रडले. ते अंगणात होते. त्यांना ते दिसलं असेल, पण आत आले नाहीत. त्यांची तशीच रीत.

सिनेमानं मामाजींची बेचैनी कमी केली नाही, वाढवली. आतापर्यंत त्यांना कसली भीती वाटायची ते डोळ्यांसमोर येत नव्हतं, आता येऊ लागलं. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सकाळी त्यांच्याजवळ भरून ठेवलेला तांब्या मी शाळेतून येते तरी भरलेलाच असतो. जेवताना घोटभर प्यायचे, बाकी दिवसभर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तहान नाही लागत मले."

मला फार राग आला. सासऱ्यांपुढे मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. मी तांब्या त्यांच्यापुढे आपटला. "मामाजी, तुम्ही इथं तहानेले बसल्यानं त्यांना तिकडं पाणी मिळणार आहे का? उद्या ते आले आणि तुम्हीच आजारी पडलेले असलात तर मी त्यांना काय सांगू?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. "आता झालं?" म्हणाले. मी हो म्हटलं आणि दोघंही थोडेसे हसलो. बऱ्याच दिवसांनी.

कार्ड आलं ते संक्रांतीच्या सुमारास. राजस्थानातल्या एका फौजी दवाखान्यातून, अक्षर दुसऱ्याचं. हाताला आणि खांद्याला लागलं आहे, म्हणून दुसऱ्याकडून लिहवतो आहे, जीवाला धोका नाही, सुटी मिळाली की येतो. मामाजींनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मी मध्ये एकही शब्द बदलत नाही ना, हे ते माझ्या तोंडाकडे पाहून ठरवत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी हे आले. रिक्षातून उतरले तेव्हा उजवा पंजा पट्टीत होता आणि डावा खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेलेला. मामाजींनी पाया पडू दिलं नाही. त्यांनी यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि ओठ पाहिले. हे गोंधळले. "काय पाहून राहिले, बाबा?" मामाजींनी हात काढून घेतला.

आम्हाला वाटलं होतं, हे आले की सगळं शांत होईल. उलट घरात बेचैन माणसं दोन होती ती तीन झाली. हे खाटेवर बसायचे आणि लगेच उठायचे. जेवायला बसले की अर्ध्यातून उठून दाराशी जायचे. कोपऱ्यावर महापालिकेचा नळ होता, त्याला कोणी उघडा टाकून गेलं की हे घरातून उठून बंद करायला जात. आम्ही दोघांनी त्याचा आमच्या परीनं अर्थ लावला. सिनेमा पाहिला होता ना. हे तिकडे तहानेनं तडफडले असणार, म्हणून यांना पाणी वाया गेलेलं बघवत नाही. मी प्रत्येक खोलीत भरलेला तांब्या ठेवायला लागले. हे त्याला हातही लावत नसत.

एका दुपारी जेवताना मामाजी यांना म्हणाले, "तू नव्हता तं आमी पिक्चर पाहाले गेलो होतो."

हे पहिल्यांदा मनापासून हसले. "तुम्ही, बाबा? कोणता?"

मामाजींनी सगळा सिनेमा सांगितला. लॉरी, वादळ, वाळू, तो जखमी शिपाई, तो पोरगा. त्यांनी तो खरा होता तसाच सांगितला, मी सांगितला होता तसा नाही. शेवटी म्हणाले, "तुहेही असेच हाल झाले असतीन. तू सांगत नाही, पण आमाले समजते."

हे डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडत होते, ते थांबले.

"त्या लोकायचं पाणी कोण आणून राहिलं होतं?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आठवून पाहिलं. "कोणी नाही," मी म्हणाले. "तसं काही दाखवलं नव्हतं."

"असं नसते. फौजेत पाणी कोणीतरी आणतेच. त्यायचंही कोणीतरी घेऊन निघालं असंल, अन् रस्त्यात कुठी अडकलं असंल."

मग त्यांनी सांगितलं. जेवण तसंच राहिलं.

हे पाण्याच्या टँकरवर होते. पुढे वाळूच्या टेकाडाजवळ एक चौकी होती, तिथल्या जवानांना पाणी पोहोचवायचं काम. बरोबर वाट दाखवायला तिकडचाच एक जवान. पहाटे विमानं आली म्हणून यांनी गाडी वाटेवरून खाली घातली आणि ती वाळूत बसली. काढता काढता आस मोडला. टँकर पूर्ण भरलेला. वायरलेस नाही. मागून दुसरी गाडी येईल म्हणून दोघं दिवसभर तिथेच थांबले. गाडी आली नाही. विमानं मात्र पुन्हा आली आणि यांच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला.

"आमाले तहान माहीतच नाही, बाबा," हे म्हणाले. "जेवढं पाहिजे तेवढं पाणी होतं. मी तं तोंडसुद्धा धुतलं. अन् पुढचे लोक कोरडे पडले होते."

अंधार पडायला लागल्यावर दोघांनी पाण्याचे डबे भरले आणि पायी निघाले. वाळूत पाऊल रुतायचं. डाव्या खांद्यातून रक्त जात होतं, म्हणून यांनी दोन्ही डबे उजव्या हातात धरले. डब्याची कडी तळव्यात रुतत गेली ती हाडापर्यंत. पुढे तीच जखम चिघळली. चौकीवर पोहोचले तेव्हा बरेच जवान होते, बोलत होते, त्यांनी पाणी घेतलं. दोन जखमी मात्र आधीच गेले होते. तिसरा अजून जिवंत होता. त्याच्या ओठांशी यांनी पाणी नेलं.

"ते आत गेलंच नाही," हे म्हणाले. "बाजूनं वाहून गेलं." नंतर म्हणाले, "आमी दिवसभर गाडीपाशी बसून राहिलो. सकाळीच निघालो असतो तं."

मी काहीतरी बोलणार होते. तुमचा काय दोष, असलं काहीतरी. मामाजींनी हातानंच मला थांबवलं. त्यांनी यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. वाळू ओली होती की कोरडी. डबे केवढे होते. वाट उताराची होती की चढाची. परत दुसरी खेप केली का. हे एकेक सांगत गेले. दुसरी खेप केली होती, तिसरी करताना पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उचलून आणलं.

"पाहा गा," मामाजी शेवटी म्हणाले, "बैलबंडी चिखलात बसली तं माणूस पयले बंडीच काढून पायते. माल डोक्यावर घेऊन कोणी निघत नाही. मी असतो तं मीही बसलो असतो." आणि मग, "बाकीचे पेले ना तुहं पाणी?"

"पेले."

"मंग जेव."

हे जेवले. पान पुरं केलं असं नाही, पण जेवले. हात धुऊन खाटेवर आडवे झाले आणि दिवे लागायच्या वेळेपर्यंत झोपले. नळ बाहेर वाहत होता. मामाजी जाऊन बंद करून आले.

त्याच आठवड्यात ते यांना घेऊन गावी गेले. मी रविवारी एस.टी.नं गेले तर दोघं खळ्यावर होते. ज्वारीची कणसं आली होती. मामाजी ढीग लावत होते आणि हे डाव्या हातानं ती सारखी करत होते. शेतापलीकडून खाणीकडे जाणारा रस्ता होता. त्यावरून ट्रक गेला की हे काम सोडून उभे राहायचे आणि तो दिसेनासा होईपर्यंत पाहायचे. मामाजीही उभे राहायचे. ट्रक गेला की दोघं पुन्हा खाली वाकायचे.

मी भाकऱ्या सोडल्या. मामाजींनी यांना आधी दिल्या. हे म्हणाले, "सुटी संपली की मले परत जा लागंल."

"जाय ना," मामाजी म्हणाले. "तोवर इथंच राय."

यांचा खांदा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. फौजेनं यांना गाडीवरून काढून कोठारात बसवलं आणि हे तिथे बरीच वर्षं राहिले. बसणं यांना कधीच जमलं नाही. पुढे पेन्शन घेऊन आले, गावी शेती पाहिली, आणि वीज गेली, पाऊस लांबला, कोणाची गाडी बिघडली, की आधी हेच उठून निघायचे. मी कधी अडवलं नाही. यांची चप्पल दाराशी सरळ करून ठेवायची.